आवाज तळापासून तपासा: संगणकावरच्या कॉलसाठी माइक आणि हेडसेटची जोडणी

नळाला पाणी आलं नाही तर कोणी आधी नळ बदलत नाही. टाकीत डोकावतो, व्हॉल्व्ह उघडा आहे का बघतो, मग नळाकडे वळतो. कॉलच्या आवाजाचं मात्र बहुतेक घरांत उलटं चालतं. समोरचा ‘ऐकू येत नाही’ म्हणाला की आधी झूम काढून पुन्हा टाकलं जातं, मग हेडसेट बदलला जातो, मग घाईघाईत सेटिंग्जमधली सात-आठ बटणं फिरवली जातात. त्यातलं एखादं बरोबर लागतंही, पण कोणतं ते कळत नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

आवाजाची वाट ठरलेली आहे: आधी उपकरण आणि त्याची वायर, मग विंडोज, मग परवानगी, आणि सर्वांत शेवटी कॉलचा प्रोग्राम. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. एका टप्प्याची तपासणी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढे दोन नियम पाळा. मेनूंची नावं विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० मध्ये महत्त्वाचा फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवातीची तयारी

कॉलला पाच मिनिटं उरली असताना हे काम काढू नका. पहिल्यांदा करताना निवांत अर्धा तास हवा. सोबत एक कागद-पेन ठेवा, कारण पुढे उपकरणांची नावं लिहून घ्यायची आहेत. चाचणीसाठी एक मोबाइलही हवा. तो दुसऱ्या खोलीत, दार लावून, घरातल्या कोणाच्या तरी हातात द्या.

कॉलचे सगळे प्रोग्राम बंद करा. खिडकीची फुली दाबली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही. घड्याळाशेजारी वर जाणारा छोटा बाण असतो, तो दाबून बघा. टीम्स आणि झूम तिथे गुपचूप चालू असतात. चिन्हावर उजवी क्लिक करून त्यांना पूर्ण बाहेर काढा.

आणि छताचा पंखा. आपल्याला त्याची इतकी सवय असते की तो ऐकूच येत नाही, पण माइकला येतो. चाचणी पंखा चालू ठेवूनच करा, कारण मे महिन्यात प्रत्यक्ष कॉलही तसाच होणार आहे.

टप्पा १: बोलायला काय वापरायचं ते ठरवा

माझं मत आधीच सांगतो: रोज कॉल करत असाल तर यूएसबीचा वायरवाला हेडसेट घ्या. त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं, त्यामुळे संगणकाची आवाजाची पिन खराब असली तरी फरक पडत नाही आणि बॅटरीची भानगड नाही.

मोबाइलचे साधे वायरवाले इअरफोनही चालतात, पण आधी पिन बघा. धातूच्या टोकावर तीन काळे पट्टे असतील तर त्यात माइक आहे. दोनच असतील तर ते फक्त ऐकायचं साधन आहे, कितीही सेटिंग बदललं तरी त्यातून बोलता येणार नाही.

ब्लूटूथ इअरबड्सबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक तक्रारी तिथेच असतात. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजाच्या दोन पद्धती आहेत. एक फक्त ऐकण्याची, गाण्यांसाठी, आवाज भरदार. दुसरी ऐकण्या-बोलण्याची, कॉलसाठी, पण आवाज एकेरी आणि दबका. माइक चालू झाला की इअरबड्स पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि अचानक जुन्या टेलिफोनसारखं ऐकू यायला लागतं. यात बिघाड काही नाही, ती पद्धतच तशी आहे. यावर तोड अशी: ऐकायला इअरबड्स ठेवा आणि बोलायला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. मग उडी मारायची वेळच येत नाही.

शिवाय ब्लूटूथमुळे आवाजाला थोडा उशीर होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज वाटतं. इंटरनेटचा उशीर आणि वर ब्लूटूथचा, असं मिळून ती हद्द ओलांडली की दोघंही एकदम बोलायला लागतात आणि मग ‘बोल, तू बोल’ सुरू होतं.

टप्पा २: जोडणी

लॅपटॉपला बहुधा एकच गोल छिद्र असतं, ऐकणं-बोलणं दोन्ही त्यातच. तीन पट्ट्यांची पिन सरळ बसते. टेबलावरच्या संगणकाला मात्र दोन वेगळी छिद्रं असतात: हिरवं ऐकण्यासाठी, गुलाबी माइकसाठी. मोबाइलचे इअरफोन हिरव्यात घातले की ऐकू येतं, पण माइक चालत नाही. त्यासाठी एका छिद्राच्या दोन पिना करणारी छोटी वायर मिळते. दुकानात नीट सांगा. ‘स्प्लिटर द्या’ एवढंच म्हटलं तर दोघांना गाणी ऐकण्याचा, दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर हातात पडतो आणि त्याचा इथे काही उपयोग नाही. हव्या असलेल्या वायरला दोन पिना आणि एक छिद्र असतं. पिनांवर हेडफोनचं आणि माइकचं चित्र असतं.

पिन पूर्ण आत गेली का ते बोटाने दाबून बघा. लॅपटॉपला जाड कव्हर असेल तर पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते, ऐकू येतं, पण माइक मुका. असेंबल केलेल्या संगणकात पुढच्या बाजूच्या छिद्रांची वायर आत जोडायची कधीकधी राहून गेलेली असते. पुढे चालत नसेल तर मागच्या छिद्रांत घाला.

काही संगणकांवर पिन घालताच ‘कोणतं उपकरण जोडलं?’ अशी चौकट येते. तिथे ‘हेडफोन’ नाही, ‘हेडसेट’ निवडा. घाईत ‘हेडफोन’ दाबलं की माइकची वाट बंद.

ब्लूटूथ असेल तर आधी मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. नाहीतर कॉल ऐन रंगात आला असताना फोन वाजतो आणि इअरबड्स तिकडे पळतात.

तपासा: वायरवर छोटी सरकती कळ किंवा माइकचं चित्र असलेलं बटण आहे का? लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर तसंच चित्र आणि पेटलेला दिवा आहे का? हे बटण हाताने बंद झालेलं असेल तर पुढचे सगळे टप्पे फुकट जातील.

टप्पा ३: विंडोजला सांगा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, मग साउंड. वर ‘आउटपुट’ म्हणजे ऐकण्याची उपकरणं, खाली ‘इनपुट’ म्हणजे बोलण्याची. दोन्ही याद्या वाचा आणि नावं कागदावर जशीच्या तशी लिहून घ्या. मग हेडसेट उपसा आणि यादी पुन्हा बघा. जे नाव गायब झालं ते तुमच्या हेडसेटचं. परत जोडा. ही उठाठेव बालिश वाटेल, पण ‘रिअलटेक’, ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’, ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ अशा नावांच्या गर्दीत आपलं कोणतं हे ओळखायचा दुसरा खात्रीचा मार्ग मला तरी सापडलेला नाही. (साध्या गोल पिनच्या हेडसेटचं वेगळं नाव काही संगणकांवर दिसत नाही; तिथे ‘रिअलटेक’ हेच तुमचं.)

आउटपुटमध्ये आणि इनपुटमध्ये आपलं नाव निवडा. दोन्हीकडे. एकीकडे निवडलं म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांना ब्लूटूथ हेडसेटची दोन नावं दिसतील, एक ‘स्टिरिओ’ आणि एक ‘हँड्स-फ्री’. आउटपुटला ‘स्टिरिओ’ आणि इनपुटला ‘हँड्स-फ्री’ निवडलं की बहुतेक वेळा ऐकू येणं बंद होतं. इअरबड्समधूनच बोलणार असाल तर कॉलसाठी दोन्हीकडे ‘हँड्स-फ्री’च ठेवा.

आणखी एक सापळा मॉनिटरचा. एचडीएमआय केबलने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज कधीकधी आवाज तिकडे वळवतं, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. यादीत मॉनिटरच्या नावावर क्लिक करा आणि आतल्या पानावर ‘डोन्ट अलाऊ’ दाबा. मग विंडोज त्याच्या वाटेला जाणार नाही.

तपासा: इनपुटमध्ये आपल्या माइकच्या नावावर क्लिक करा, ‘स्टार्ट टेस्ट’ दाबून नेहमीच्या आवाजात चार वाक्यं बोला. आता नखाने हेडसेटच्या माइकची जाळी हलकेच खरवडा. पडद्यावरची आवाजाची पट्टी उसळली पाहिजे. मग तसंच लॅपटॉपच्या कडेवर खरवडा. यावेळी पट्टी जास्त उसळली तर तुम्ही हेडसेट घातला आहे, पण बोलताय लॅपटॉपच्या माइकमधून.

हसू नका, हे मी स्वतः केलं आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाऊण तास कानावर हेडसेट लावून मी हिशेब समजावून सांगत होतो. सभा संपल्यावर शेजारी म्हणाले, तुमच्यापेक्षा तुमचा कुकर स्पष्ट ऐकू येत होता. कॅमेऱ्यालाही माइक असतो, आणि विंडोजने टेबलापलीकडच्या त्या माइकची निवड करून ठेवली होती.

टप्पा ४: जुन्या पॅनेलमधली चार कामं

साउंडच्या पानावर अगदी तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे. विंडोज १० मध्ये त्याच पानावर ‘साउंड कंट्रोल पॅनेल’ नावाने दिसेल. जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडते.

१. ‘प्लेबॅक’ आणि ‘रेकॉर्डिंग’ या दोन्ही पानांवर आपल्या उपकरणावर उजवी क्लिक करा. इथे ‘डीफॉल्ट डिव्हाइस’ आणि ‘डीफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ अशा दोन वेगळ्या निवडी आहेत. गाणी पहिल्यातून वाजतात, बरेच कॉलचे प्रोग्राम दुसऱ्याकडे बघतात. ‘यूट्यूब हेडसेटमध्ये ऐकू येतं, पण कॉल लॅपटॉपच्या स्पीकरवर येतो’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. दोन्ही निवडी आपल्या हेडसेटला द्या.

२. ‘रेकॉर्डिंग’मध्ये माइकवर दोनदा क्लिक करून ‘लेव्हल्स’ पान उघडा. पातळी ७० ते ८० वर ठेवा. खाली ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसला तर तो शून्यावर आणा आणि बोलून बघा. फारच हळू असेल तरच १० डेसिबल चढवा. ३० डेसिबल लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या कॉलमध्ये पंखा म्हणजे हेलिकॉप्टर असतो. यूएसबी हेडसेटला बूस्ट बहुधा दिसणार नाही, काळजी नको.

३. शेजारच्या ‘लिसन’ पानावर ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ समोर खूण असेल तर काढा. ती असली की आपलाच आवाज आपल्या कानात क्षणभर उशिराने येतो आणि बोलणं अडखळतं.

४. ‘कम्युनिकेशन्स’ पानावर ‘डू नथिंग’ निवडा. मूळ निवडीप्रमाणे कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं, आणि मग ‘कॉल आला की व्हिडिओचा आवाज का बसतो’ म्हणून आपण बुचकळ्यात पडतो.

प्रत्येक खिडकीत शेवटी ‘अप्लाय’ आणि ‘ओके’. फुली दाबून बाहेर पडलात तर केलेलं वाया जाऊ शकतं.

टप्पा ५: परवानगी

सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘मायक्रोफोन’. तीन कळी आहेत आणि तिन्ही चालू हव्यात: सगळ्यांत वरची मुख्य, मग अ‍ॅप्सना परवानगीची, आणि यादीच्या खाली दडलेली ‘लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युवर मायक्रोफोन’. झूम आणि क्रोम या तिसरीच्या अखत्यारीत येतात. वरच्या यादीत झूम शोधत बसणारे, तो न सापडल्यामुळे गोंधळणारे बरेच आहेत.

काही अँटिव्हायरसही माइक अडवतात. तसा असेल तर त्याच्या प्रायव्हसी विभागात डोकावून या.

ब्राउझरमधून कॉल करत असाल तर आणखी एक फाटक आहे. क्रोममध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूचं चिन्ह दाबा, मायक्रोफोनसमोरची कळ चालू करा आणि पान रीलोड करा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाबरून ‘ब्लॉक’ दाबलं असेल तर क्रोम ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही.

तपासा: विंडोजमधलं ‘साउंड रेकॉर्डर’ उघडा (विंडोज १० मध्ये ‘व्हॉइस रेकॉर्डर’). वीस सेकंद बोला आणि हेडसेटमध्ये परत ऐका. आवाज स्वच्छ आला तर उपकरण, विंडोज आणि परवानगी, तिन्ही ठीक. इथून पुढे काही बिघडलं तर दोष प्रोग्राममध्ये किंवा इंटरनेटमध्ये शोधा, हेडसेटला हात लावू नका.

टप्पा ६: आता प्रोग्राम

_झूम._ सेटिंग्जमध्ये ‘ऑडिओ’. स्पीकर आणि माइक दोन्हीकडे कागदावर लिहिलेलं नाव निवडा. ‘सेम अ‍ॅज सिस्टिम’ असाही पर्याय आहे. हेडसेट काढघाल करणाऱ्यांना तो बरा, एकच हेडसेट कायम लावून ठेवणाऱ्यांनी नाव निवडावं. दोन्हींच्या ‘टेस्ट’ बटणांनी खात्री करा. मीटिंगमध्ये शिरताना ‘जॉइन विथ कम्प्युटर ऑडिओ’ ही चौकट येते. वयस्क मंडळी ती जाहिरात समजून बंद करतात आणि मग ना ऐकू येत, ना बोलता येत. आईबाबांच्या संगणकावर आवाज आपोआप जोडण्याची खूण करून ठेवा, म्हणजे ही चौकट येणारच नाही.

इथेच ‘बॅकग्राउंड नॉइज सप्रेशन’ आहे. बोलण्यासाठी ‘ऑटो’ ठीक. पण ऑनलाइन गाण्याचा क्लास असेल तर हे सेटिंग घात करतं. सतत एका सुरात वाजणारा तानपुरा त्याला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो आणि तो पुसून टाकला जातो. शिष्याला परदेशात नुसता गळा ऐकू येतो. त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, आणि ते चालू असताना स्पीकर न वापरता हेडफोन लावा.

_गूगल मीट._ आत शिरण्याआधीच्या पानावर आपल्या चित्राखाली माइक आणि स्पीकरची नावं असतात. तिथेच निवडा. कॉल सुरू असताना तीन टिंबांतून ‘सेटिंग्ज’, ‘ऑडिओ’.

_टीम्स._ सेटिंग्जमध्ये ‘डिव्हायसेस’. ऑफिसच्या खात्यात ‘मेक अ टेस्ट कॉल’ मिळतो: आपण बोलतो, तो परत ऐकवतो. पूर्वी स्काइपवर अशीच सोय होती, पण ५ मे २०२५ पासून स्काइप बंद आहे. जुन्या संगणकावर ते चिन्ह अजून दिसत असेल तर काढून टाका.

व्हॉट्सअ‍ॅपच्या संगणकावरच्या अ‍ॅपलाही सेटिंग्जमध्ये माइक-स्पीकर निवडायची वेगळी जागा आहे. विंडोजमध्ये नीट, झूममध्ये नीट, म्हणून तिथेही नीट असेलच असं धरू नका.

सावधान: मॅक वापरत असाल तर परवानगी दिल्यावर प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. खिडकी बंद केली तरी तो मागे चालूच असतो.

टप्पा ७: चाचणी कॉल

झूमचं स्वतःचं चाचणीचं पान आहे, पण खरी परीक्षा माणसाशीच. दुसऱ्या खोलीतल्या मोबाइलवर कॉल लावा. तिकडच्याला ‘ऐकू येतंय का?’ विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येतं. त्याला पाच आकडे वाचून दाखवा आणि परत म्हणायला सांगा. मग पंखा वाढवा आणि पुन्हा पाच आकडे. माइक तोंडासमोर नको, गालाजवळ, ओठांपासून दोन बोटं अंतरावर हवा. समोर असला की ‘प’ आणि ‘भ’ च्या वेळी फटाके फुटतात.

दोन उपकरणं एकाच खोलीत ठेवून चाचणी कराल तर किंचाळल्यासारखा आवाज येईल. एका घरातून दोघांना एकाच मीटिंगमध्ये बसायचं असेल तर आवाज एकाच उपकरणावर जोडा. मीटमध्ये त्यासाठी ‘कम्पॅनियन मोड’ आहे.

तरीही बिघडलं तर

_आपलाच आवाज परत ऐकू येतो._ ‘लिसन’ची खूण काढली आहे ना? मग दोष तुमच्याकडे नाही. समोर कोणीतरी मोठ्या स्पीकरवर ऐकतंय आणि तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतोय. सगळ्यांना एकेक करून म्यूट व्हायला सांगा. ज्याच्या म्यूटने प्रतिध्वनी थांबला, तो गडी. त्याला हेडफोन लावायला सांगा. हे न कळल्याने लोक स्वतःचं सेटिंग उगाच खोदत बसतात.

_आवाज तुटतो, यंत्रमानवासारखा होतो._ हे इंटरनेटचं काम. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा लागत नाहीत, व्हिडिओला त्याच्या कैक पट लागतात. आधी व्हिडिओ बंद करा. आवाज सुधारला तर राउटरजवळ बसा किंवा लॅनची वायर लावा.

_काल चालू होतं, आज एका प्रोग्राममध्येच आवाज नाही._ साउंडच्या पानावर ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा. इथे प्रत्येक प्रोग्रामला वेगळं उपकरण आणि वेगळा आवाज देता येतो, आणि कधीतरी चुकून दिलेला असतो. तळाशी रीसेटचं बटण आहे.

_माइक चालू आहे की नाही, कळत नाही._ कोणताही प्रोग्राम माइक वापरत असेल तर घड्याळाजवळ माइकचं छोटं चिन्ह येतं. त्यावर बाण नेला की कोण वापरतंय ते नाव दिसतं.

कॉलच्या दिवशी

हेडसेट आधी जोडा, प्रोग्राम नंतर उघडा. उलट क्रमाने केलं तर काही प्रोग्राम जुन्याच उपकरणाला चिकटून राहतात. यूएसबी हेडसेट रोज त्याच पोर्टमध्ये घाला. दुसऱ्या पोर्टमध्ये घातला की विंडोज त्याला नवं उपकरण समजू शकतं, नावापुढे ‘२-’ लावतं, आणि टप्पा ४ मधली पातळी-बूस्टची मेहनत पुन्हा पहिल्यापासून. मी पोर्टशेजारी कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर ‘हेडसेट’ लिहून ठेवलं आहे.